सेमी-सॉफ्ट बायफोकल लेन्स कोकणात वापरताना: खुपते कुठे, कशामुळे, आणि काय करून घ्यायचं

चाळिशी लागली आहे, लांबचाही नंबर आहे आणि दोन चष्म्यांची ने-आण नको झाली आहे, अशांसाठी कडक बायफोकल कॉन्टॅक्ट लेन्स ही आजही सगळ्यांत स्वच्छ दिसणारी सोय आहे. दुकानात ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणून मागितली की मिळते ती हीच: ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी, पण मऊ लेन्ससारखी बोटावर न दुमडणारी. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल किंवा केराटोकोनस (बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) असेल, तर मऊ मल्टिफोकल लेन्स हिच्या जवळपासही येत नाही. दिसण्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.

सोसण्याचं मात्र तसं नाही. पहिले दोन-तीन आठवडे ती जाणवणारच, आणि नीट बसवून घेतली नाही तर पुढेही दिवसभर आपलं अस्तित्व विसरू देणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी अशा लेन्स डबीत पडून असतात त्या ‘सहन झाली नाही’ या एका वाक्यावर. त्यातल्या बऱ्याचशा लेन्समध्ये दोष नसतो, बसवणं अर्धवट राहिलेलं असतं. तालुक्याच्या गावी ऑप्टिशियनकडे चष्मे आणि मऊ लेन्स मिळतात. बायफोकल सेमी-सॉफ्टचा ट्रायल सेट पाहायचा तर मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. माणूस एकदा जातो, मापं देतो, लेन्स कुरियरने घरी येते, आणि खुपायला लागली की पुन्हा तेवढा प्रवास करण्यापेक्षा ती बाजूला ठेवणं सोपं वाटतं. ‘खुपते’ एवढ्यावर कोणालाही काही करता येत नाही. ‘खालच्या पापणीला, घातल्यापासून, वाचताना जास्त’ असं सांगितलं तर तपासणारा नेमकी जागा दुरुस्त करू शकतो.

दोन घराणी, दोन त्रास

या लेन्समध्ये मुख्य दोन प्रकार आहेत आणि दोघींचं दुखणं वेगळं आहे.

पहिली ट्रान्सलेटिंग. चष्म्यातल्या बायफोकलसारखी: वर लांबचा नंबर, खाली वाचायचा, मध्ये रेघ. नजर खाली नेली की खालची पापणी लेन्सला वर ढकलते आणि वाचायचा भाग बाहुलीसमोर येतो. हे घडावं म्हणून लेन्स डोळ्यात गोल फिरता कामा नये. त्यासाठी तिच्या खालच्या बाजूला 1 ते 3 प्रिझमचं वजन (म्हणजे खाली जाड होत जाणारा भाग) ठेवलेलं असतं, आणि बऱ्याच डिझाइनमध्ये खालची कड सरळ कापलेली असते, म्हणजे ती पापणीच्या काठावर टेकते. दिसतं दोन्हीकडचं खणखणीत, पण त्रासाचं मूळही इथेच. खालची कड जाड असते आणि ती दर मिटण्याला पापणीला घासते.

दुसरी अ‍ॅस्फेरिक. मधून कडेकडे नंबर हळूहळू बदलत जातो, रेघ नाही, प्रिझम नाही. लेन्स पातळ, हलकी, आणि सवय लवकर होते. किंमत दिसण्यात मोजावी लागते. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर एकदम आत येतात, आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. रात्री आंबा किंवा कुंभार्ली घाटातून गाडी काढणाऱ्याला समोरच्या ट्रकचे दिवे पसरलेले दिसणं ही किरकोळ गोष्ट नाही. आंबोलीच्या धुक्यात तर नाहीच. वाचायचा नंबर साधारण +1.75च्या पुढे गेला की ही लेन्स वाचनालाही अपुरी पडायला लागते.

निवड कामावर ठरवावी. जाळी विणणं, शिवणकाम, हिशेबाची वही, पेटीत आंबा भरताना डाग पाहणं, ही सगळी खाली मान घालून करायची कामं आहेत. तिथे ट्रान्सलेटिंगला तोड नाही. किराणा किंवा औषधांच्या दुकानात डोक्यावरच्या फळीवरचं बारीक लेबल वाचायचं असेल, तर तीच लेन्स निकामी ठरते. नजर वर गेली की वाचायचा भाग खालीच राहतो. कॉम्प्युटर समोर आणि उंचावर असेल तरी तेच. अशांनी अ‍ॅस्फेरिक घ्यावी आणि रात्रीच्या गाडीसाठी वेगळा चष्मा ठेवावा.

आणखी एक गोष्ट मापं घेतानाच पाहून घ्यायला हवी: खालची पापणी. आरशात सरळ बघताना तिचा काठ काळ्या बुबुळाच्या खालच्या कडेला टेकलेला किंवा किंचित वर असावा. पापणी सैल असेल किंवा बुबुळाच्या खाली पांढरं दिसत असेल, तर ट्रान्सलेटिंग लेन्स वर ढकलली जात नाही, पापणीच्या आत सरकते. तिथे कितीही पॉलिश केलं तरी उपयोग नाही. ही पाहणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तरी वगळली जाते, हे खटकतं.

पहिले पंधरा दिवस

वेळापत्रक साधं आहे: पहिल्या दिवशी 3 ते 4 तास, मग रोज 1 ते 2 तास वाढवत 8-10 तासांपर्यंत. नेमका आकडा लेन्स बसवणाऱ्याने द्यावा, पण चढता क्रम मोडू नये. एका लग्नाच्या दिवशी हौसेने बारा तास ठेवली की पुढचे चार दिवस डोळा लाल. आठवडाभर वापरात खंड पडला तर पुन्हा खालपासून सुरुवात.

घातल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी येणारच. या वेळात नजर खाली ठेवा, वरच्या पापणीचं घासणं कमी होतं. वर किंवा बाजूला बघितलं की कड जाणवते, म्हणून पुष्कळजण नकळत अर्धवट डोळे मिटून, मान वर करून बसतात आणि पापण्या पूर्ण मिटायच्या थांबतात. इथूनच पुढच्या कोरडेपणाची सुरुवात होते. सवयीच्या काळात तासातून एक-दोनदा दहा वेळा सावकाश, पूर्ण, जोर न देता डोळे मिटा-उघडा. पापण्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत.

वाचायची पद्धतही बदलावी लागते. चष्म्याच्या सवयीने मान खाली जाते आणि डोळे सरळच राहतात. मग ट्रान्सलेटिंग लेन्स हलत नाही आणि ‘जवळचं दिसत नाही’ अशी तक्रार येते. हनुवटी सरळ, नजर खाली, पुस्तक छातीच्या उंचीला. बस.

सुन्न करणारे थेंब घरी कधीही वापरू नका, कोणी कितीही सांगो. खुपणं हाच इशारा असतो, तो बंद केला तर बुबुळावर जखम होत असतानाही कळणार नाही.

खुपतं कुठे, त्यावरून कशामुळे

घातल्या क्षणी टोचतंय आणि डोळा उघडवत नाही: लेन्सखाली कण गेला आहे. काढा, धुवा, पुन्हा घाला. तरीही त्याच जागी टोचलं तर लेन्स उजेडासमोर तिरकी धरून कड पाहा. टवका उडालेला असेल तर नखाच्या कोरेएवढी चमक तुटलेली दिसते. अशी लेन्स पुन्हा डोळ्यात जाता कामा नये, पॉलिशने टवका भरून येत नाही. टोचण्याऐवजी आग होत असेल तर बहुतेक क्लीनर नीट धुतलं गेलेलं नसतं.

खालच्या पापणीला सतत काठ जाणवतो: प्रिझमची जाड कड किंवा कापलेल्या कडेचा टोकदार कोपरा. ही ट्रान्सलेटिंगची सगळ्यांत सामान्य तक्रार आहे आणि सगळ्यांत सहज सुटणारीही. लॅबमध्ये कड गोल करून, पॉलिश करून देतात. कापलेल्या कडेचा उतार पापणीच्या उताराशी जुळला नाही तर एकच कोपरा रुततो. म्हणून ‘खाली टोचतं’ म्हणण्यापेक्षा ‘खाली, नाकाकडच्या बाजूला’ असं सांगा. प्रिझम एका पायरीने कमी करूनही फरक पडतो, मात्र फार कमी केलं तर लेन्स फिरते. दर मिटण्याला ती नाकाकडे थोडी कलते, 5-10 अंशांपर्यंत हे चालतं आणि ऑर्डर देताना तेवढा कोन भरूनही काढता येतो. त्याहून जास्त फिरली तर वाचायचा भाग तिरका होतो आणि एका डोळ्याने वाचताना ओळ कापली जाते.

वरच्या पापणीखाली काहीतरी घासतंय: वरची कड जाड आहे किंवा बुबुळापासून फार उचललेली आहे. प्लस नंबरच्या लेन्स मुळात कडेला पातळ आणि मध्ये जाड असल्याने वरची पापणी त्यांना नीट धरत नाही, त्या खाली घसरतात आणि वर येताना प्रत्येक वेळी आपटतात. यावर कडेला मायनस आकार देतात, त्याला लेन्टिक्युलर कड म्हणतात. पापणीने लेन्स धरून ठेवली की खुपणं निम्म्याने कमी झाल्यासारखं वाटतं.

लेन्स फार हलते, बाजूला सरकते, डोळ्यातून पडते: बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) चपटा आहे. उलट, घातल्यावर आराम वाटतो पण काही तासांनी डोळा जड, लाल, आणि काढल्यावर बुबुळाभोवती गोल वळ उठतो: बेस कर्व्ह जास्त खोल आहे, लेन्स चिकटून बसते. हा दुसरा प्रकार फसवा, कारण सुरुवातीला तो बरा वाटतो. 7.80 मिमीऐवजी 7.75 किंवा 7.85, एवढ्याशा 0.05च्या फरकानेही डोळ्यातलं वागणं बदलतं. हे घरी कळत नाही. फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात लेन्सखालचं पाणी कुठे साठतं ते पाहावं लागतं. ही तपासणी न करता कोणी ‘होईल सवय’ म्हणत असेल तर तिथून उठावं.

दिवस उतरताना बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात 3 आणि 9 असतात तिथे, लाल त्रिकोण: त्या भागावर अश्रू पसरत नाहीत. अर्धवट पापणी मिटणं, खाली बसलेली लेन्स किंवा जाड कड ही कारणं. मिटण्याचा सराव आणि डोळा ओला ठेवणारे थेंब यांनी काही दिवसांत फरक पडला नाही तर लेन्सचा व्यास किंवा कड बदलून घ्यावी लागते. नुसते थेंब घालत राहू नये, तिथे बुबुळ कायमचं खरबरीत होऊ शकतं.

महिनोन् महिने छान चाललेली लेन्स अचानक खुपायला लागली, खाज येते, सकाळी डोळ्यात दोऱ्यासारखा चिकट मळ दिसतो: लेन्सवर प्रथिनांचा थर बसला आहे आणि वरच्या पापणीच्या आत दाणे आलेले असू शकतात. लेन्स बंद, डोळ्यांच्या डॉक्टरांना पापणी उलटी करून दाखवणं, आणि नवीन लेन्स किंवा खोल सफाई. याच वेळी नवी औषधं सुरू झाली आहेत का तेही आठवा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या बायकांना पाळी जातानाच्या काळात अश्रू कमी होतात आणि दोष लेन्सला लागतो. अश्रूंची चाचणी मापं घेण्याआधीच करून घ्यावी: कागदी पट्टी 5 मिनिटांत 10 मिमीपेक्षा कमी भिजली, किंवा अश्रूंचा थर 10 सेकंदांच्या आत फुटला, तर आधी कोरडेपणाचा इलाज, मग लेन्स.

वाचताना हनुवटी वर करावी लागते तर रेघ खाली पडली आहे. सरळ चालताना रस्ता धूसर होतो तर रेघ वर चढली आहे. साधारणपणे ती बाहुलीच्या खालच्या काठाशी असावी. खुपण्याशी याचा थेट संबंध नाही, पण मान अवघडून, कपाळ आवळून दिवस काढला की माणूस त्यालाही लेन्सचा त्रासच म्हणतो.

इथली हवा, इथली कामं

किनाऱ्यावरची दमट हवा डोळ्याला बरी. घाटावरच्या उन्हाळ्यात दुपारी लेन्स जशी कोरडी पडते तशी इथे पडत नाही. त्रास वाऱ्याचा आहे. बंदरावरचं खारं वारं, एसटीची खिडकी, हेल्मेटची काच वर करून चालवलेली दुचाकी. कडक लेन्स लहान असते, 9-9.5 मिमी व्यासाची, आणि तिच्याखाली कण सहज शिरतो. मऊ लेन्स पूर्ण बुबुळ झाकते म्हणून तिथे हा प्रश्न कमी. मुंबई-गोवा महामार्गावर जिथे काम चालू आहे तिथली तांबडी धूळ आणि चिऱ्याच्या खाणीतली भुकटी या लेन्सला सर्वांत वाईट. हेल्मेटची काच खाली, किंवा डोळ्याला लपेटून बसणारा गॉगल, याला पर्याय नाही. चिरेखाणीत रोज काम असेल तर ही लेन्स घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोहोरावर फवारणी असेल त्या दिवशी लेन्स घरी. औषधाचा फवारा लेन्सखाली गेला तर तिथेच अडकून राहतो. काजूबी भाजताना टरफलातल्या तेलाचा धूर डोळ्याला झोंबतो, तेव्हाही तेच. तारकर्लीला स्नॉर्केलिंग किंवा नुसतं समुद्रात डुंबणं: लेन्स काढूनच पाण्यात उतरा. नदी, विहीर, तळं, सगळ्यालाच हा नियम लागू. पाण्यात अकॅन्थमिबा नावाचा जीव असतो, तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला की उपचार महिनोन् महिने चालतात आणि नजर जाऊही शकते.

हाताचंही सांगायला हवं. डोक्याला खोबरेल लावून त्याच हाताने लेन्स धरली की लेन्सवर पाणी पसरत नाही, ठिपके ठिपके होतात आणि दिवसभर धुरकट दिसतं. मासे साफ केलेले, मिरची कुटलेले हात दोनदा धुतले तरी पुरत नाहीत. म्हणून सकाळी चुलीजवळ जाण्याआधीच लेन्स घाला आणि संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी काढा. साबण साधा, वासाचा किंवा क्रीम असलेला नको.

धुणं

बाजारात दोन पद्धतीची सोल्युशन मिळतात: क्लीनर आणि कंडिशनर अशा दोन बाटल्या, किंवा सगळं एकात. ज्यांच्या लेन्सवर थर लवकर बसतो त्यांनी दोन बाटल्यांची पद्धत घ्यावी, सफाई चांगली होते. मऊ लेन्सचं सोल्युशन यात घालू नका, दुकानदाराने ‘सगळ्याला चालतं’ म्हटलं तरी. कडक लेन्स ओली राहावी म्हणून कंडिशनरमध्ये जे असतं ते त्यात नसतं.

क्रम असा. नेहमी उजवीपासून सुरू करा, म्हणजे अदलाबदल होत नाही. बहुतेक लॅब उजव्या लेन्सवर ठिपका करतात. लेन्स तळहातावर वाटीसारखी ठेवा, क्लीनरचे 2-3 थेंब, आणि करंगळी किंवा अनामिकेने 20 सेकंद हलकेच मागे-पुढे चोळा. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळू नका, लेन्स हळूहळू वाकते, आणि वाकलेली लेन्स दिसायला अगदी चांगली असते पण डोळ्यात खुपते. प्रिझमची लेन्स एका बाजूला जाड असल्याने वाकण्याचा धोका पातळ बाजूला अधिक. मग सलाइनने पूर्ण धुवा, डबीत कंडिशनर भरा, लेन्स किमान 4 तास बुडलेली ठेवा. रात्रभर ठेवली की प्रश्नच नाही.

नळाचं, विहिरीचं, उकळून गार केलेलं, फिल्टरचं, कुठलंच पाणी लेन्सला नको. मेडिकलमधून सलाइनची मोठी बाटली आणून महिनाभर वापरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती मोडायला हवी. त्या सलाइनमध्ये जंतुनाशक नसतं, एकदा सुई खुपसली की ते उघड्यावरचं पाणीच. छोट्या कुप्या घ्या, उरलेलं त्याच दिवशी फेका. सोल्युशनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, तीन महिन्यांत संपली नाही तरी टाकून द्या.

डबीकडे मात्र पावसाळ्यात जास्त लक्ष हवं, कारण जून ते सप्टेंबर इथे काहीच वाळत नाही. रोज सकाळी जुनं सोल्युशन ओतून द्या (त्यातच नवीन भर घालणं हे संसर्गाचं हमखास कारण), ताज्या सोल्युशनने डबी खळबळा, स्वच्छ टिश्यूने आतून पुसा आणि झाकणं उघडी करून उपडी ठेवा. न्हाणीघरात नको, पंख्याखालच्या कपाटावर. टाकीजवळच्या कोनाड्यात ठेवलेल्या डबीच्या आट्यांमध्ये आठवड्याभरात हिरवट-काळा बुरा धरतो. डबी दर तीन महिन्यांनी बदला, पावसाळ्यात महिन्याने बदलली तरी पैसे वाया जात नाहीत.

एक सूक्ष्म बाब. लेन्सवर प्लाझ्मा किंवा तसा ओलावा धरणारा लेप दिलेला असेल, तर घासणारे कण असलेलं क्लीनर वापरता येत नाही, लेप निघून जातो. कड पॉलिश करून घेतली तरी तो जातो. म्हणून ट्रान्सलेटिंग लेन्स पहिल्यांदा बनवताना लेप लावून घेण्याची घाई करू नये. आधी बिनलेपाची घालून कड जुळवून घ्यावी, नंतर लेपाचा विचार करावा.

मटेरियलचं थोडक्यात: प्रिझममुळे ही लेन्स जाड, म्हणून ऑक्सिजन जास्त जाऊ देणारं मटेरियल मागा. बॉस्टन मालिकेत ईएसचा डीके (ऑक्सिजन किती जाऊ देतं त्याचा आकडा) 18, ईओचा 58, एक्सओचा 100 आहे. बायफोकलसाठी ईओच्या खाली उतरू नये असं आम्हाला वाटतं. काढल्यावर चष्म्यातून अर्धा-पाऊण तास धूसर दिसणं एक वेळ समजू शकतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच राहिलं तर लेन्स बुबुळाचा आकार बदलते आहे, दाखवून घ्या.

काढायचं सामान

छोटा रबरी प्लंजर प्रत्येकाने ठेवावा. सलाइनने ओला करून लेन्सच्या मधोमध हलका टेकवा आणि तिरका ओढा. लेन्स बुबुळावर आहे ना हे आरशात आधी पाहा, पांढऱ्यावर सरकलेली असेल तर प्लंजर थेट डोळ्याला चिकटतो. हाताने काढायची रीत अशी: टेबलावर स्वच्छ पंचा, मान खाली, डोळा मोठा उघडा, पापणीचा बाहेरचा कोपरा कानाकडे ताणा आणि झटकन मिटा. लेन्स चिकटून हलत नसेल तर ओढाताण नको. दोन-तीन थेंब घालून पाच मिनिटं थांबा, मग पापणीच्या काठाने लेन्सची कड हलकेच दाबा, सुटते.

थेंब एकदाच वापरायच्या कुप्यांतले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब हे वंगण नव्हे, त्यांनी लाली लपते आणि कारण तसंच राहतं.

लेन्स फरशीवर पडली तर बोटाने ओढून उचलू नका, चिऱ्याची बारीक रेती तिच्यावर रेघा उठवते. बोट किंवा प्लंजर ओला करून वरून टेकवा आणि उचला.

पैसे देण्याआधी

लेन्सची किंमत नंबर, डिझाइन आणि लॅबनुसार बदलते. पण इथून जाणाऱ्याला खरा खर्च फेऱ्यांचा पडतो, म्हणून लेन्सपेक्षा बसवणाऱ्याची पारख आधी करा. ट्रायल लेन्स डोळ्यात घालून किमान अर्धा तास बसवून ठेवतात का? खालची पापणी आणि बाहुलीचं माप लिहून घेतात का? पहिली तपासणी पंधरा दिवसांनी ठरवून देतात का? कड पॉलिश आणि एकदा बेस कर्व्ह किंवा रेघेची उंची बदलणं ठरलेल्या किमतीत धरलेलं आहे का, आणि किती दिवसांत? बायफोकल सेमी-सॉफ्ट पहिल्याच फटक्यात जुळली तर नशीब. एक फेरबदल गृहीत धरलेलाच असावा. ‘लेन्स उघडली की परत नाही’ असा नियम सांगणाऱ्याकडे मऊ लेन्स घ्यायला हरकत नाही, ही घेऊ नका.

तपासणीला जाताना लेन्स घालूनच जा, निदान तीन-चार तास आधीपासून. नुसती डबी नेली तर फ्लुरोसीनमध्ये काहीच दिसणार नाही आणि फेरी फुकट जाईल. सोबत एका कागदावर लिहून न्या: कुठे, किती वाजता सुरू, काढल्यावर किती वेळात थांबतं, कोणतं सोल्युशन. बेस कर्व्ह, व्यास, नंबर, प्रिझम, रेघेची उंची, मटेरियल हे सगळं असलेलं कार्ड मागून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोल्हापूरऐवजी पणजीला जावं लागलं तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

लेन्स काढल्यावरही दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना, नजर कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स बसवणाऱ्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि लेन्स डबीसकट सोबत न्या. डबी धुऊ नका, संसर्ग कशाचा आहे ते कधीकधी त्या उरलेल्या सोल्युशनमधूनच कळतं.